आकड्यांतून दिलेला शब्द

जून महिन्यात शालेय पुस्तकांच्या दुकानासमोर रांग लागते, तेव्हा एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘मोठ्याचं मागच्या वर्षीचं पुस्तक आहे घरी. धाकटीला चालेल का हो?’ अनुभवी दुकानदार पुस्तक उघडतो, सुरुवातीच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ बघतो आणि उत्तर देतो. तिथे ‘पुनर्मुद्रण’ असेल तर चालेल. फार तर छपाईची एखादी चूक दुरुस्त झाली असेल. अभ्यासक्रम बदलून नवी प्रथमावृत्ती निघाली असेल, तर मात्र घरचं पुस्तक रद्दीत. वर्गात बाई एक धडा वाचतील आणि मुलीसमोर दुसराच असेल. आत काय काय बदललं, हे दुकानदाराने वाचलेलं नसतं. तो त्या एका ओळीवर विश्वास ठेवतो आणि आई त्याच्यावर ठेवते.

सॉफ्टवेअरच्या जगात हाच प्रश्न रोज लाखो वेळा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा एक यंत्रच तो दुसऱ्या यंत्राला विचारतं. मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपच्या माहितीच्या पानावर गेलात, तर ५.४.२ असा काहीतरी आकडा दिसेल. हा आवृत्तीचा आकडा. तो कसा ठरवायचा, कधी वाढवायचा, यावर प्रोग्राम लिहिणारी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. बाहेरच्या माणसाला हे रिकामपणचे उद्योग वाटतील, पण तसे ते नाहीत.

ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच नाजूक होतो. पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत आकडा ठरवताना जाहिरात विभागाचंही मत असतं. आणि काही बिघडलं तर गिऱ्हाइकाला तक्रार करायला एक दार तरी असतं. मुक्त प्रकल्पात मूळ प्रोग्राम सगळ्यांना खुला. ब्राझीलमधल्या कोणीतरी लिहिलेला तुकडा पुण्यातली कंपनी वापरते, आणि तिने केलेल्या कामावर जपानमधला तिसराच कोणी आपलं घर बांधतो. करार नाही, ओळख नाही. एका साध्या वेबसाइटच्या पोटात असे शेकडो तुकडे असू शकतात, आणि त्यांतला प्रत्येक आपापल्या चालीने बदलत असतो. लिहिणारा आणि वापरणारा यांच्यात जे काही बोलणं होतं, ते बहुधा त्या आकड्यातूनच.

डिसेंबर २०२१ मध्ये याची प्रचीती साऱ्या जगाला आली. ‘लॉग फोर जे’ नावाचा एक प्रोग्राम आहे. इतर प्रोग्राम काय करताहेत याची रोजनिशी लिहायची, एवढंच त्याचं काम. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य व्यवस्थांत तो निमूटपणे बसलेला होता. त्यात असं खिंडार सापडलं, की बाहेरच्या माणसाने विशिष्ट मजकूर नुसता पाठवला, तरी दूरच्या यंत्रावर त्याला हवा तो प्रोग्राम चालवता यावा. दोनच्या मालिकेतल्या २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात होत्या. घाईने २.१५.० आली. ती पुरी पडत नाही असं दिसलं, म्हणून २.१६.०, मग २.१७.०; आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. त्या दिवसांत जगभरच्या संगणक विभागांत एकच विचारणा चालू होती : आपल्याकडे कितवा आकडा आहे? ज्यांना उत्तर पटकन देता आलं, ते त्या रात्री झोपले.

आता या तीन आकड्यांचा अर्थ बघू. समजा, नाशिकच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम लिहिला आणि सर्वांना खुला केला. पहिली आवृत्ती १.०.०. थोड्याच दिवसांत कोणीतरी कळवलं, की तुमचा प्रोग्राम ‘आशिर्वाद’ बरोबर समजतो. चूक दुरुस्त झाली. बाकी काहीच बदललं नाही, म्हणून शेवटचा आकडा वाढला : १.०.१. पुढे त्यांनी नवी सोय केली. शब्द चुकला असेल तर बरोबर शब्दही सुचवायचा. जुन्या पद्धतीने वापरणाऱ्याचं काही अडलं नाही, नव्याला जास्त मिळालं. मधला आकडा वाढला : १.१.०. मग त्यांच्या लक्षात आलं, की एकेक शब्द तपासण्यापेक्षा सबंध वाक्य तपासलेलं चांगलं, म्हणून प्रोग्रामला प्रश्न विचारण्याची रीतच त्यांनी बदलली. पण एव्हाना एका दैनिकाने पानं लावण्याच्या आपल्या व्यवस्थेत हा प्रोग्राम जोडून घेतला आहे, आणि ती व्यवस्था एकेक शब्दच पाठवते. नवी आवृत्ती तशीच बसवली तर रात्री अकरा वाजता पानं अडणार. इथे पहिला आकडा वाढवायलाच हवा : २.०.०. म्हणजे वापरणाऱ्याला इशारा, की डोळे मिटून घेऊ नका, आधी वाचा. डावीकडचा आकडा वाढला की उजवीकडचे पुन्हा शून्यापासून सुरू होतात, हे ओघाने आलंच.

ही रीत तशी जुनी. गिटहब या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती नियमांच्या स्वरूपात लिहून काढली. त्या नियमावलीलाही स्वतःचा आवृत्तीचा आकडा आहे. २०१३ मध्ये तिची २.०.० ही आवृत्ती आली.

‘मधला आकडा म्हणजे नुसती भर’ असं म्हटलं, तरी त्या भरीला कमी लेखू नये. युनिकोड ही जगातल्या लिप्यांच्या अक्षरांची सर्वमान्य यादी. तीही आकड्यांनीच पुढे सरकते. २००८ मध्ये ती ५.० वरून ५.१ वर गेली आणि त्या बदलात मराठीच्या ‘ॲ’ला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली. तोवर आपण ‘अ’च्या डोक्यावर चंद्र चिकटवून वेळ मारून नेत होतो. आकड्यात एका टिंबानंतरचा एक वाढला, आणि ‘ॲप’, ‘ॲसिड’ धडपणे लिहिण्याची सोय झाली.

त्या टिंबाने बऱ्याच जणांना फसवलं आहे. ते दशांशचिन्ह नाही. शाळेतल्या गणिताप्रमाणे २.१० हे २.९ पेक्षा लहान. आवृत्तीच्या हिशेबात २.१० ही २.९ नंतरची. ज्ञानेश्वरीतल्या ओव्यांचे आकडे डोळ्यांसमोर आणा. ९.९ म्हणजे नवव्या अध्यायातली नववी ओवी, आणि तिच्यापुढची ९.१०. ज्याला ओव्या शोधायची सवय आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. पण संगणकाला सांगावं लागतं. पायथॉन भाषेची ३.१० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हा काही प्रोग्रामांची तारांबळ उडाली. आकड्याची फक्त पहिली तीन चिन्हं वाचायची सवय त्यांना लागलेली होती. ३.१० मधली पहिली तीन चिन्हं वाचली तर मिळतं ३.१! त्यांच्या लेखी भाषा एका रात्रीत बारा वर्षं मागे गेली.

तीन आकड्यांची रीत कागदावर स्वच्छ दिसते. व्यवहारात अडचण येते ती बदल मोठा की लहान हे ठरवताना. आपल्या विद्यार्थ्यांकडेच परत जाऊ. उद्या शुद्धलेखनाचा एखादा नियमच बदलला, तर त्यांना शब्दांची यादी तेवढी बदलावी लागेल. प्रोग्रामच्या एका ओळीलाही हात लागणार नाही. त्यांच्या दृष्टीने हे अर्ध्या दिवसाचं काम, शेवटचा आकडा वाढवला की झालं. पण वापरणाऱ्याकडे काय होईल? काल निर्दोष असलेल्या तीनशे पानांच्या पुस्तकावर आज हजार ठिकाणी लाल रेघा. माझ्या मते इथे पहिलाच आकडा वाढवायला हवा. लिहिणाऱ्याला किती कष्ट पडले, याचं माप तो आकडा देत नाही. वापरणाऱ्याला किती त्रास होणार, ते त्याने सांगायचं असतं. पुष्कळ हुशार माणसं इथे चुकतात. सहा महिने खपून आतली यंत्रणा नव्याने लिहिली की साहजिकच वाटतं, आता मोठा आकडा लावावा. बाहेरून काही फरक पडत नसेल, तर लावू नये. कौतुकाची जागा दुसरीकडे शोधावी.

मोठा आकडा प्रामाणिकपणे लावला, तरी त्याची किंमत मोजावीच लागते. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३.० आली. जुन्या चुका एकदाच्या धुऊन काढायच्या, असं ठरवूनच ती केलेली होती. पायथॉन २ मध्ये पाचाला दोनने भागलं की उत्तर यायचं दोन, कारण पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहायचा. तिसऱ्या आवृत्तीत ते अडीच यायला लागलं. गणित सुधारलं, पण जुन्या उत्तरावर बेतलेला हिशेब कुठलीही तक्रार न करता गुपचूप बदलला. देवनागरीसारख्या लिप्यांसाठी ही आवृत्ती वरदानच होती, कारण तिच्यात सगळा मजकूर मुळातच युनिकोडचा मानला जातो. तरीही लोक वर्षानुवर्षं जुन्या आवृत्तीवर राहिले. तिचा सांभाळ २०१५ मध्ये थांबणार होता, तो २०२० पर्यंत लांबवावा लागला. बदल योग्य होता असंच मी म्हणेन. पण त्या बारा वर्षांनंतर पहिला आकडा वाढवायचा म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो.

पर्ल या भाषेचं तर आकड्यानेच नुकसान केलं. पर्ल ५ जोरात चालू असताना २००० मध्ये पर्ल ६ जाहीर झाली. काम वाढत गेलं, भाषाच वेगळी होऊन बसली. मधल्या काळात बाहेरच्यांना वाटत राहिलं, की सहावी येणार म्हणजे पाचवी आता जुनी. शेवटी २०१९ मध्ये त्या नव्या भाषेचं नाव बदलून ‘राकू’ केलं, तेव्हा पाचवीची मान मोकळी झाली. २००८ च्या जानेवारीत केडीई या लिनक्सवरच्या मेजव्यवस्थेची ४.० आली. ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीची सुरुवात आहे, रोजच्या वापराला अजून वेळ आहे, असं कर्त्यांचं म्हणणं होतं. पण लोकांनी वाचलं ते ४.०, आणि ते ३.५ पेक्षा चांगलंच असणार असं समजून घेतलं. शिव्या कर्त्यांना बसल्या. सोबतचा खुलासा कोणी वाचत नाही, आकडा सगळे वाचतात.

या साऱ्यातून अंग काढून घेतलेला एक बडा प्रकल्प म्हणजे खुद्द लिनक्सचा गाभा. १९९४ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याची १.० आवृत्ती काढली. तिथून पुढे छान सोपी खूण होती. मधला आकडा सम असेल तर आवृत्ती पक्की, विषम असेल तर प्रयोगाची. २.२, २.४ वापरा, २.३, २.५ च्या वाटेला जाऊ नका. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आली आणि हळूहळू ही पद्धत मोडली. सम आकड्याची फार वर्षं वाट बघावी लागते, तोवर सुधारणा अडकून पडतात, असा अनुभव होता. मग २.६ च पुढे पुढे चालत राहिली, थेट २.६.३९ पर्यंत. पहिले दोन आकडे नुसतेच शोभेला. २०११ मध्ये लिनक्सला वीस वर्षं होत होती. ते निमित्त करून टोरवाल्ड्स यांनी पुढच्या आवृत्तीला ३.० म्हटलं आणि सांगून टाकलं, की यात विशेष काही नाही, फक्त आकडा बदलला.

फक्त आकडा बदलला, तरी काही प्रोग्राम बंद पडले! साडेसात वर्षं २.६ बघितल्यामुळे त्यांच्या कर्त्यांनी गृहीत धरलं होतं, की सुरुवात २.६ ने नसेल तर हे लिनक्सच नव्हे. अशा प्रोग्रामांची समजूत घालण्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात एक सोय करावी लागली. त्यांनी विचारलं, की आपण अजून २.६.४० वगैरेच आहोत असं सांगायचं. फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने तर आपल्या पंधराव्या आवृत्तीत ३.० दिली ती २.६.४० याच नावाने. पुढे ४.२० नंतर २०१९ मध्ये ५.० आली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी कारण दिलं, की मोजायला हातापायांची बोटं संपली. विनोद खरा, पण त्यामागे एक भक्कम गोष्ट उभी आहे. वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनक्सच्या गाभ्याचा नियमच आहे आणि तो कडकपणे पाळला जातो. मोडणारच नसेल, तर इशाऱ्याचा आकडा लागतो कशाला? एवढी शिस्त नसलेल्याने ही नक्कल करू नये.

तिसरी रीत तारखेची. उबुंटूची पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. २००६ मध्ये एप्रिलची आवृत्ती तयार झाली नाही, जून उजाडला, तर आकडाही ६.०४ ऐवजी ६.०६ झाला. लपवालपवी नाही. दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, म्हणजे २४.०४ लावलेल्या कचेरीला आकडा बघूनच कळतं, की २०२९ पर्यंत काळजी नाही. पत्रं, तक्ते करण्यासाठी अनेकजण वापरतात ते लिब्रे ऑफिस ७.६ पर्यंत जुन्या रीतीने मोजत होतं. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी एकदम २४.२ अशी उडी घेतली. मला हे पटलं. पत्र टाइप करणाऱ्याला आतले सांधे कसे जुळतात याच्याशी कर्तव्य नसतं. आपल्याकडचं किती जुनं झालं, हे मात्र त्याला समजायला हवं, आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचणाऱ्या कोणालाही ते समजतं. तारीख एक गोष्ट सांगत नाही : नवी आवृत्ती घेतली तर माझं मोडेल का? त्यामुळे ज्यावर दुसऱ्यांचे प्रोग्राम उभे राहतात, त्याला नुसती तारीख पुरत नाही.

शून्याने सुरू होणारे आकडे हा एक वेगळाच मुक्काम. ०.७, ०.९ म्हणजे ‘अजून पक्कं नाही, शब्द देत नाही’. काही प्रकल्प तिथेच रमतात. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ १९९३ मध्ये सुरू झाला आणि १.० व्हायला २००८ उजाडलं. तोवर कितीतरी लोक तो रोज वापरत होते. लोक भरवसा ठेवायला लागले, की शून्य सोडायला हवं. त्यानंतरही ते लावून ठेवणं म्हणजे जबाबदारी टाळणं आहे.

उलट टोकाला डोनाल्ड क्नूथ. गणिती मजकुराची अक्षरजुळणी करणारा त्यांचा ‘टेक’ हा प्रोग्राम तिसऱ्या आवृत्तीनंतर ३.१, ३.१४, ३.१४१ असा पायच्या दिशेने सरकतो आहे. दर दुरुस्तीला एक अंक जोडायचा. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ वर पोचला. आपल्या मृत्यूनंतर आवृत्ती ‘पाय’ समजावी आणि उरलेल्या चुकांना गुण मानून हात लावू नये, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आता काही बदलणार नाही, हा शब्द याहून देखण्या रीतीने कोणी दिलेला नाही.

आपल्या नाशिककरांनी काय करावं? प्रोग्रामला तीन आकडे, कारण त्यावर इतर जण विसंबतात. शब्दांची यादी वेगळी ठेवून तिला तारीख, कारण ती सतत वाढणार. आणि दोन्हींचा अर्थ पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा.

एक नियम मात्र या सगळ्या रीतींना सारखाच लागू आहे. दिलेला आकडा परत दुसऱ्या वस्तूला लावायचा नाही आणि कधी मागे जायचं नाही. यंत्रं आपोआप अद्ययावत होतात ती एवढ्याच एका गृहीतावर, की मोठा आकडा म्हणजे नवा. मार्च २०२४ मध्ये या गृहीताची विचित्र परीक्षा झाली. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या मुक्त प्रकल्पात कोणीतरी टोपणनावाने शिरून, दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून विश्वास कमावून, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामात साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला ते उघडकीला आणलं. आता सगळ्यांना जुन्या आवृत्तीवर नेणं भाग होतं. पण ५.६.१ असलेल्या यंत्राला ५.४.५ देऊ केली तर ते म्हणणार, ही तर जुनी, मला नको. तेव्हा डेबियन या वितरणाने जुनाच प्रोग्राम नव्या नावाने पाठवला. त्याच्या आवृत्तीचं नाव, जसंच्या तसं सांगायचं तर, ‘५.६.१+रिअली५.४.५’. यंत्राने ५.६.१ वाचून तो मुकाट्याने घेतला, आणि त्यापुढची ‘खरं तर ५.४.५’ ही कबुली माणसांनी वाचली.